तिच्याबरोबर कोण जाणार? सातारा जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक, सातारा
मा. अध्यक्ष व मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सातारा

विषय : अत्याचारग्रस्त स्त्रीला फिर्यादीच्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत एक जबाबदार सोबती नेमून देण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी कराड तालुक्यातील एका गावात राहते. एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून २७ वर्षे नोकरी करून मी सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलांची वजने आणि पोषण आहाराच्या नोंदी तपासायला गावोगाव जाताना बायका आमच्याशी मोकळेपणाने बोलतात, आणि वजनाच्या वहीत न मावणाऱ्या गोष्टी कानावर येतात. त्यातूनच गेल्या बारा वर्षांत नऊ बायकांबरोबर पोलीस ठाणे, सरकारी दवाखाना आणि न्यायालय अशा वाऱ्या करण्याची वेळ माझ्यावर आली. मी वकील नाही, कोणत्याही संघटनेची पदाधिकारी नाही. कायदा मी त्या बाकांवर बसून, आजूबाजूला विचारून आणि नंतर घरी वाचून शिकले. आपण तिघांना एकत्र लिहिण्याचे कारण असे की, या नऊ जणींच्या कामात प्रत्येक कार्यालयाने आपापला कागद पूर्ण केला, परंतु एका कार्यालयातून निघून दुसऱ्या कार्यालयात पोहोचेपर्यंतच्या वाटेवर ती बाई कोणाचीच नव्हती.

चालू खटल्याच्या गुणदोषांविषयी मी एक अक्षरही लिहिणार नाही. पीडित स्त्रीची ओळख उघड होणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि तो तसा असलाच पाहिजे, म्हणून गावे, ठाणी आणि ओळख पटेल असा सर्व तपशील मी वगळला आहे.

२०२४-२५ च्या गळीत हंगामातील गोष्ट आहे. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळीतील एक बाई पहाटे अंधारात फडाकडे निघाली होती. नवरा बैलगाडी जुंपत मागे राहिला होता. पुढे जे घडले ते तिने पोलिसांना सांगितले आहे, ते इथे सांगण्याचा मला अधिकार नाही. आमच्या अंगणवाडी सेविकेचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. ज्या फडात हे घडले तो ओढ्याच्या पलीकडे, तिची खोप ओढ्याच्या अलीकडे आणि तो ओढा म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द. पहिल्या ठाण्यात आम्हांला सांगितले गेले की, जागा आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडे जा. पलीकडच्या ठाण्यात सांगितले गेले की, तुम्ही राहता तिकडे, शिवाय महिला अंमलदार बंदोबस्ताला गेल्या आहेत, तोवर अर्ज लिहून ठेवा, चौकशी करून बघतो. नऊ वाजता निघालेली ती बाई दुपारी साडेचारला फिर्यादीवर अंगठा उठवू शकली.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता त्या दिवशी लागू होऊन पाच महिने उलटले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या या कायद्याचे कलम १७३ सांगते की, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ज्या ठाण्यात माहिती दिली जाईल तिथे ती नोंदवून घेतलीच पाहिजे. यालाच आपण सारे झीरो एफआयआर म्हणतो. लैंगिक अत्याचाराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच घ्यायची आहे आणि फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची आहे. अशी माहिती नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी आहे. त्याआधीही, २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचे सांगितलेले होते. हे सगळे मला त्या दिवशी माहीत होते म्हणून मी दुसऱ्या ठाण्यातून उठले नाही. ती एकटी असती, तर अर्ज ठेवून परत गेली असती, आणि त्या अर्जाचे पुढे काय होते हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात पोहोचलो. तपासणी झाली, आणि तिच्या अंगावरची साडी, परकर, पोलके मुद्देमाल म्हणून जमा झाले. ते व्हायलाच हवे होते. पण त्याच्या बदल्यात तिला नेसायला काय द्यायचे, याचा विचार कोणत्याही कार्यालयाने केलेला नव्हता. दवाखान्याच्या निळ्या चादरीत गुंडाळून ती खाटेच्या कडेला बसली होती आणि डिसेंबरची थंडी होती. खोपीवर तिची दुसरी एकच साडी होती, ती धुऊन वाळत घातलेली. मी माझ्या पुतणीला फोन करून घरून लुगडे, स्वेटर आणि चपला मागवल्या. रात्री साडेनऊला ते आले. तोपर्यंत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा विचारत होती, "बाई, आता मी तिकडं कशी जाऊ?" आपण कोणत्याही अधिकाऱ्याला विचारा, पुरावा जमा करण्याची पद्धत तो बिनचूक सांगेल. त्या चादरीचे उत्तर मात्र कोणाकडे मिळणार नाही, कारण ते कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवते. त्या ठाण्यातील ज्या तरुण महिला पोलिसाने शेवटी जबाब घेतला, ती बंदोबस्तावरून थेट आलेली होती, पाणीसुद्धा न पिता बसली, दोन तास एकदाही आवाज न चढवता तिने लिहून घेतले, सगळा जबाब तिला समजेल अशा बोलीत वाचून दाखवला आणि दोन ठिकाणी तिने सांगितलेली दुरुस्ती केली. चांगली माणसे यंत्रणेत आहेत. त्यांच्यावर इतर कामांचा इतका भार आहे की, त्यांची गाठ पडणे हा नशिबाचा भाग होऊन बसला आहे.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, आणि टोळी गावी गेली. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली होती की नाही, मुकादमाने हिशेबात तिचे ते बुडालेले दिवस कसे धरले, हा वेगळा आणि तितकाच कडू विषय आहे. मुद्दा असा की, दोषारोपपत्रात तिचा पत्ता आमच्या शिवारातील खोपीचा होता. खोप म्हणजे चार बांबू, वाढे आणि ताडपत्री. हंगाम संपला की तिथे चुलीची राख तेवढी उरते. साक्षीचे समन्स त्या पत्त्यावर गेले आणि "सदर ठिकाणी राहत नाही" असा शेरा घेऊन परत आले. बीट हवालदाराने अंगणवाडी सेविकेला विचारले, तिने मला विचारले, मी मुकादमाच्या मेव्हण्याकडून तिच्या दिराचा नंबर मिळवला, आणि अशा रीतीने एका गंभीर गुन्ह्यातील मुख्य साक्षीदार शासनाला सापडली. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बीड, अहिल्यानगर, जत, माण अशा दुष्काळी भागांतून हजारो कुटुंबे कृष्णाकाठी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फिर्यादीत कायमच्या गावचा पत्ता, तिथल्या ठाण्याचे नाव आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक लिहून घेणे, एवढ्या साध्या सूचनेने हा शेरा टळला असता. साक्ष दृकश्राव्य माध्यमातून नोंदवण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. तिच्या जिल्ह्यातील न्यायालयात बसून तिला साक्ष देता येईल का, हा प्रश्न तिच्या वतीने विचारणारे कोणीतरी असायला हवे.

याच "कोणीतरी" शब्दासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

बालकांच्या बाबतीत कायद्याने हे ओळखले आहे. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार अत्याचारग्रस्त बालकाला बाल कल्याण समिती सहायक व्यक्ती नेमून देते, जी तपासापासून खटल्यापर्यंत त्या मुलासोबत आणि कुटुंबासोबत राहते, त्यांना माहिती देते, धीर देते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने या सहायक व्यक्तींच्या नेमणुकीबाबत राज्यांना निर्देशही दिले. मुलगी सतरा वर्षांची असेल तर तिला अशी व्यक्ती मिळते. एकोणीस वर्षांची असेल, निरक्षर असेल, परमुलखातली असेल, पदरी तान्हे मूल असेल, तरी तिने सगळे एकटीने करायचे, असा याचा अर्थ होतो.

एकटीने म्हणजे काय, ते पाटण तालुक्याच्या डोंगरातील एका बाईच्या उदाहरणाने सांगते. तिचे प्रकरण जुन्या कायद्याच्या काळातील. फिर्याद दिली तेव्हा तिचे मूल कडेवर होते. ते मूल पुढे आमच्याच अंगणवाडीत दाखल झाले, तिथून पहिलीत गेले, आणि तिची साक्ष अजून व्हायची होती. दर तारखेला ती पहाटे साडेपाचच्या एसटीने निघायची. तिकीट अर्धे झाले तरी दिवसाची मजुरी पुरी बुडायची. न्यायालयाच्या व्हरांड्यात एकच लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला ती आणि मी, दुसऱ्या टोकाला आरोपीची आई, चुलते आणि गावातील चारजण. ते डबे उघडून जेवायचे आणि जेवता जेवता आमच्याकडे बघत राहायचे. कोणी धमकी देत नव्हते, त्यामुळे तक्रार करावी असे काही घडतही नव्हते. एकदा सरकारी वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेले, एकदा आरोपीचे वकील आजारी, एकदा साहेब रजेवर, एकदा पुकारा होईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजलेले. प्रत्येक वेळी शिपाई पुढची तारीख सांगायचा, आणि ती बाई ती तारीख पदराच्या टोकाला गाठ मारल्यासारखी पुटपुटत स्टँडपर्यंत यायची. सातव्या खेपेला तिने मला विचारले की, मी खोटं बोलले असते तर लवकर सुटले असते का? मला उत्तर देता आले नाही.

बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून खटला दोन महिन्यांत पूर्ण व्हावा, ही मुदत नव्या संहितेत आहे आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर जुन्या संहितेतही होती. परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असली तरी दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असे आता कलम ३४६ सांगते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पीडितेला कळवण्याचे बंधन पोलिसांवर आहे. माझ्याबरोबरच्या नऊ जणींपैकी एकीलाही असे काही लेखी कळवले गेलेले मी पाहिले नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला, तिचे वय काहीही असो, असुरक्षित साक्षीदार मानून तिच्यासाठी वेगळ्या साक्ष केंद्राची व्यवस्था करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले. तो आदेश वाचताना मला तो एकच लांब बाक आठवत होता.

व्हरांड्यात जे मूकपणे चालते ते गावात उघड चालते. फिर्याद नोंदली गेली की दोन-तीन दिवसांत "मिटवून घ्या" म्हणणारी माणसे दारात येतात. त्यांत भावकी असते, कधी पोलीस पाटील असतो, कधी तंटामुक्तीचे नाव घेणारे असतात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली शेजारच्या सांगली जिल्ह्याचे सुपुत्र आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे कितीतरी वाद त्या मोहिमेने कोर्टाबाहेर मिटवले, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु बलात्कार हा तडजोडीने मिटवण्याचा तंटा नाही, तसा समझोता शिक्षा कमी करण्याचे कारणही होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले आहे. पाटणच्या त्या बाईला तिच्या सासऱ्याने गुरांच्या गोठ्यात बोलावून, हात जोडून सांगितले होते की, पोरी, आम्हांला याच गावात राहायचे आहे. त्याचा राग येत नाही. तो खरोखरच घाबरलेला होता. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून लागू आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो आणि त्या समितीत जिल्ह्याचे पोलीसप्रमुख असतात, हे त्या सासऱ्याला सांगायला कोण गेले होते? मलाही ते तेव्हा ठाऊक नव्हते.

या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचे माहेर. १८६८ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कळवले आहे की, एक ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेली महार समाजाची मुलगी यांची गावाने धिंड काढली होती आणि लोक त्यांना ठार मारायला निघाले होते, तेव्हा त्या स्वतः धावत गेल्या आणि खून केल्यास इंग्रजी कायद्याने काय होईल ते जमावाला ऐकवून त्यांनी त्या दोघांचा जीव वाचवला. कायदा त्या गावात त्याआधीही होता. त्या दिवशी तो जिवंत झाला, कारण त्याचा उच्चार करणारी एक बाई जमाव आणि ती मुलगी यांच्यामध्ये उभी राहिली. मी या पत्राकडे वारंवार जाते.

कठोर शिक्षेची मागणी दर मोठ्या घटनेनंतर होते. लोकांचा संताप मला समजतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचारानंतर बदलापुरात लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, त्यामागे पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागले, ही चीड होती. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये कडक शिक्षांचे शक्ती विधेयक मंजूर केले, पण ते कायदा होऊ शकले नाही. माझे प्रामाणिक मत असे आहे की, फाशीचे कलम वाढवल्याने त्या ऊसतोड बाईच्या साडेसात ते साडेचारच्या दिवसात काही फरक पडला नसता. आणि न्याय हा दोन्ही बाजूंनी न्याय असावा लागतो. एखादा निर्दोष माणूस अडकला असेल, तर वर्षानुवर्षे लांबणारा खटला त्याच्याही आयुष्याची माती करतो. वेळेत नोंदलेली फिर्याद, नीट केलेली वैद्यकीय तपासणी आणि दोन महिन्यांत उभा राहणारा खटला खऱ्या गुन्हेगाराला जितका पकडतो, तितकाच चुकीच्या माणसाला सोडवतोही.

भरपाईबद्दल थोडक्यात लिहिते. मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे आणि तिची अंमलबजावणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. बाईचे उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. नऊ जणींपैकी सहा जणींना या दोन्हींची माहिती पहिल्यांदा माझ्याकडून मिळाली, आणि त्यांतल्या चौघींच्या अर्जात बँक खाते, आधार किंवा फिर्यादीची प्रत यांपैकी काही ना काही कमी असल्याने महिने गेले.

म्हणून आपणां तिघांकडे माझी मागणी अशी आहे. लैंगिक अत्याचाराचा किंवा गंभीर कौटुंबिक हिंसाचाराचा गुन्हा जिल्ह्यातील कोणत्याही ठाण्यात दाखल होताच त्याची सूचना त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाकडे जावी आणि प्राधिकरणाने २४ तासांच्या आत त्या स्त्रीसाठी एका प्रशिक्षित स्त्रीची सोबती म्हणून लेखी नेमणूक करावी. त्यासाठी नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक आहेत, महिला व बाल विकास विभागाकडे पीडित स्त्रियांना मदत करणारे सखी केंद्र आणि संरक्षण अधिकारी आहेत, गावागावांत माझ्यासारख्या निवृत्त सेविका, शिक्षिका, परिचारिका आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि ओळखपत्र द्यावे, आणि ठाणे, दवाखाना व न्यायालय यांना त्या ओळखपत्राचा मान राखण्याचे लेखी आदेश असावेत, कारण आजवर मला प्रत्येक दारात "तुम्ही कोण?" हा प्रश्न ऐकावा लागला आहे. दवाखान्यात कपड्यांचा एक जोड, चपला आणि एक शाल कायम तयार असावी. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या चिटबॉयकडे (फडावरची तोड पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) आणि मुकादमांकडे या सोबतीचे क्रमांक दिलेले असावेत, खोपींवर ते मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत, आणि ११२ व १८१ या मदतीच्या क्रमांकांबरोबर एका माणसाचे नावही तिथे असावे. दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाने, कोणाचीही ओळख न देता, किती तपास दोन महिन्यांच्या पुढे गेले, किती साक्षी तहकूब झाल्या आणि मनोधैर्यचे किती अर्ज कोणत्या कागदासाठी अडले आहेत, ते आकडे जाहीर करावेत.

त्या ऊसतोड बाईची साक्ष आता लागली आहे. ती रात्रभर प्रवास करून पहाटे स्टँडवर उतरेल. गेल्या महिन्यात फोनवर तिने एवढेच विचारले की, बाई, तुम्ही येणार ना? मी येणार असे सांगितले आहे आणि जाणारही आहे. परंतु मी आता ६४ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे व्हरांड्याच्या पायऱ्या मला कठड्याला धरून चढाव्या लागतात, आणि माझ्यानंतर तिच्या फोनला उत्तर देणारे कोणी नाही. आपल्या कार्यालयातून त्या दिवशी कोण येईल, त्यांचे नाव आणि मोबाईल क्रमांक मला कळवावा. मी तो तिला आधी सांगून ठेवीन.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
तालुका कराड, जिल्हा सातारा